चौथा बिंदू

४ फेब्रुवारी

धाकट्या,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद. घाबरू नकोस. कुणी गेलेलं नाही, आणि तुला बोलावण्यासाठीही लिहीत नाही. मला एक गणित अडलंय. तू तिकडे पोरांना हेच शिकवतोस, म्हणून तुला विचारतो. शेजारच्या शिंप्याला विचारलं तर तो म्हणाला, "दादा, मला गळ्याचं वर्तुळ येतं, त्यापुढचं येत नाही."

चौकटीच्या कागदावर तीन बिंदू आहेत. आपलं घर शून्यावर धर. पूर्वेला आडवं मोजायचं, उत्तरेला उभं. पहिला बिंदू पूर्वेला पाच, उत्तरेला पाच. दुसरा पूर्वेला सहा, उत्तरेला चार. तिसरा पूर्वेला सात, उत्तरेला एक. या तिन्हींतून जाणारं वर्तुळ कसं काढायचं? त्याचं केंद्र कुठे येतं? गावच्या शाळेत गुरुजींनी हे शिकवलं होतं एवढं आठवतं. मी तेव्हा खिडकीबाहेर बघत असणार. तू बघत नव्हतास.

मी माझ्या परीने करून पाहिलंय. आमच्या पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात सगळ्या गावाच्या नळांचा नकाशा भिंतीवर आहे, चौकोन पाडलेला. एक चौकोन म्हणजे दोनशे मीटर. नळ किती लागेल ते आम्ही त्यावर दोऱ्यानेच मोजतो. मी आपल्या घरावर टाचणी टोचली, दोरा बांधला आणि तिन्ही ठिकाणी नेऊन पाहिला. तिन्हीकडे सारखाच पोचला, सात चौकोन आणि वर किंचित. मधल्या बिंदूला केसभर जास्त लागला, पण दोरा सुती, ताणला जातो. म्हणजे केंद्र घरच. मला फार बरं वाटलं.

मग तुला का विचारतो? त्या केसभराने मला चैन पडू दिलेली नाही. पंपावर तेल घालताना तो केस आठवतो. सकाळी देवापुढे हात जोडून उभा राहतो तर तिथेही आठवतो.

थांब, दाराची कडी बघून येतो.

आलो. आहेत. खुर्चीतच आहेत.

आता सांगतोच, बिंदू कसले ते. अण्णा घरातून निघून जातात. गेल्या पावसाळ्यानंतर हे सुरू झालं. माणसं ओळखेनासे झालेत, मला कधी ओळखतात, कधी 'साहेब' म्हणतात. पाय आणि कान मात्र शाबूत. दुपारी मी कामावर असतो, तुझी वहिनी जरा पाठमोरी झाली की हे चालले. पहिल्यांदा वीटभट्टीच्या कुंपणाशी सापडले. दुसऱ्यांदा सिमेंटच्या पाइपांच्या ढिगावर. तिसऱ्यांदा पुलाच्या कठड्याला टेकून. तिन्ही वेळा नुसते बसलेले. दमलेले नाहीत, भ्यालेले नाहीत. पुलावर सायकल दुरुस्तीवाल्याने विचारलं, "आजोबा, कुणाची वाट बघताय?" तर म्हणाले, "बघतोय कुठं? ऐकतोय."

पुलावर काय ऐकायचं ते देवाला ठाऊक.

गाव आता पूर्वीएवढं लहान राहिलेलं नाही, शोधायला गेलं की जीव टांगणीला लागतो. वर्तुळ हाती आलं तर सगळं पालथं घालायला नको. कोणत्या रस्त्याने गेले ते कळलं की तो रस्ता वर्तुळाला जिथे कापतो तिथे जायचं. एवढ्याचसाठी विचारतोय. दुसरं काही नाही.

तुझा,
दादा


१९ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं कार्ड मिळालं. एका बाजूला पत्ता, दुसऱ्या बाजूला रीत, आणि अण्णांचं नाव एकदाही नाही. तुझी वहिनी उलटसुलट करून बघत म्हणाली, "भावजींनी पत्र पाठवलंय की परीक्षेचा पेपर?" मी म्हटलं, पेपर तर पेपर, इतक्या वर्षांनी अक्षर तर दिसलं. तुझा चार अजून तसाच आहे, वर उघडा.

खालची ओळ दोनदा वाचली. 'दोरा ताणला गेलेला नाही. पन्नास आणि बावन्न सारखे नसतात.'

बरोबर आहे. घरापासूनच्या अंतरांचे वर्ग केले. पाचाचा वर्ग आणि पाचाचा वर्ग, पन्नास. सहाचा आणि चाराचा, बावन्न. साताचा आणि एकाचा, पुन्हा पन्नास. मधला बिंदू दोनाने चुकतो. घर केंद्र असतं तर तिन्ही पन्नास आले असते.

मग तू दिलंस तसं केलं. वर्तुळाचं समीकरण मांडलं, x² + y² + 2gx + 2fy + c = 0, आणि त्यात एकेक बिंदू घातला. तीन बिंदू, तीन समीकरणं, तीन न कळलेली माणसं. पहिलं दुसऱ्यातून वजा केलं, पहिलं तिसऱ्यातून वजा केलं. c हा तिन्ही घरी बसलेला पाहुणा, वजा करताच निघून गेला. उरले g आणि f. g आला उणे दोन, f आला उणे एक. मग c उणे वीस. पंपाच्या खोलीत डब्यावर कागद ठेवून मी हे केलं आणि उत्तर जुळल्यावर एकट्यानेच मोठ्याने 'वा' म्हटलं. माझा जोडीदार आत येऊन बघून गेला.

x² + y² − 4x − 2y − 20 = 0. तिन्ही बिंदू घालून पाहिले, तिन्ही वेळा शून्य. केंद्र पूर्वेला दोन, उत्तरेला एक. त्रिज्या पाच.

घर नव्हे.

तिथे काही नाही म्हणा. मोकळी जागा आहे, गवत वगैरे.

म्हातारा माणूस गवताभोवती कशाला फिरेल, असं विचारू नकोस. योगायोग असेल. मी शेजारीपाजारी दोऱ्याचंच सांगून ठेवलंय, की अण्णा दिसेनासे झाले तर घरापासून सात चौकोनांवर बघा. लोकांना ते पटकन कळतं. g आणि f मी कुणाकुणाला समजावू?

बाकी ठीक. ऑफिसात धावपळ आहे. नदीच्या वरच्या अंगाला नवं पाणीघर बांधलंय, तिथे विजेचे पंप आलेत, आवाज न करणारे. आपला डिझेलचा जुना मार्चअखेर बंद. तुला कळवण्यासारखं त्यात काही नाही, ओघात लिहिलं.

तुझा,
दादा


५ मार्च

धाकट्या,

'पूर्वेला दोन, उत्तरेला एक इथे गवत नाही. मी त्या गावात वाढलो आहे. तिथे पंप आहे. मला आश्चर्य वाटलं नाही.'

कार्ड वाचून मी ते उशीखाली ठेवलं, मग तिथून काढून कपाटात ठेवलं, मग वहिनीने विचारलं, "सारखी उठबस काय चाललीय? बसा की एका जागी." मी म्हटलं, धाकट्याने पकडलं.

हो, तिथे पंप आहे. उत्तर निघालं त्याच क्षणी मला कळलं होतं. नकाशात त्या जागी लाल शाईचा मोठा ठिपका आहे, आणि मी रोज त्याच्या पोटातच बसतो. पण तुला आश्चर्य का वाटणार नाही हेही मला तेव्हाच कळलं, म्हणून गवत लिहिलं. आई गेली त्या दुपारी घरी तू एकटा होतास. मी परगावी होतो. तू शिंप्याला पंपावर पिटाळलंस, तेव्हा पंप अण्णाच चालवायचे, ते 'येतो' म्हणाले आणि आले नाहीत. टाकी भरल्यावर पंप बंद करून आले, तोवर आई संपली होती. घर सोडताना तू उंबऱ्यात उभं राहून मला म्हणालास, "ह्यांचं घर तिकडे आहे. इथे हे जेवायला येतात." ते वाक्य अण्णांनी आतून ऐकलं. काही बोलले नाहीत. नंतरही कधी बोलले नाहीत.

आणि आता मीच तुला कागदावर काढून दिलं, की पुसत चाललेल्या त्या डोक्यात उरलंसुरलं जे काही आहे त्याचंही केंद्र पंपच आहे. तुझ्या हाती हे माझ्या हाताने जायला नको होतं. मी देवाकडे सहसा काही मागत नाही, सकाळी त्याचं नाव घेतो आणि कामाला लागतो. या वेळी मागितलं, की एवढे बावन्नचे पन्नास कर. त्याने केले नाहीत.

तुझी दुसरी गोष्ट मात्र मी धरून बसलोय. तू लिहितोस, एका रेषेत नसलेले कुठलेही तीन बिंदू घेतले तरी वर्तुळ निघतंच. तीन कावळे कुठे बसले ते मांडलं तरी निघेल. त्याने काही सिद्ध होत नाही. शिवाय माझे तिन्ही एकाच अंगाला, म्हणजे कुठे जराशी चूक असली की केंद्र कुठल्या कुठे सरकेल. समोरच्या अंगाचा चौथा बिंदू आण, तो त्याच समीकरणात बसला तर बोल.

चौथा बिंदू आण म्हणजे काय, हे लिहिताना तुझ्या लक्षात आलं का? चौथा बिंदू म्हणजे अण्णा आणखी एकदा हरवणं. ते मी देवाकडे मागू काय?

रोज कामावर जाताना त्यांच्याकडे बघतो. ते डोकं जरा कलतं करून बसलेले असतात. वहिनी म्हणते, "तुम्ही घरी नसता म्हणून जातात. तुम्ही असलात की जागचे हलत नाहीत." पण रविवारी सकाळी मी बाजारात असतो तेव्हा ते कधी गेलेले नाहीत. दुपारीच जातात. मी पंपावर असतो तेव्हाच.

हे मी आत्ता लिहिताना माझ्याच लक्षात आलं. मी असतो पंपावर, की पंप असतो चालू?

दादा


१२ मार्च

धाकट्या,

चौथा मिळाला.

काल दुपारी वहिनी धापा टाकत पंपावर आली. "अण्णा नाहीत." मी विचारलं, कुठल्या अंगाला? ती म्हणाली, "पश्चिमेला. शिंप्याने खिडकीतून पाहिलं, लाकडाच्या वखारीच्या रस्त्याने खाली गेले. तो आणि दोघंतिघं सायकली घेऊन गेलेत मागे."

"किती लांब?"

"तुम्हीच सांगून ठेवलंय ना, सात चौकोन! हमरस्त्यापर्यंत गेलेत सगळे."

पश्चिमेला ते पहिल्यांदाच गेले होते. समोरचं अंग. मी डब्यावरचा कागद ओढला. वखारीचा रस्ता घरापासून तिरपा उतरतो, जेवढा पश्चिमेला तेवढाच दक्षिणेला. घर केंद्र असेल तर त्या रस्त्यावर सात चौकोन, म्हणजे पार हमरस्ता. आणि तुझं समीकरण खरं असेल तर? पश्चिमेला दोन, दक्षिणेला दोन घालून पाहिले. चार आणि चार आठ, आणखी आठ सोळा, आणखी चार वीस. वजा वीस.

शून्य.

घरापासून तीन चौकोनही नाही. सगळे तिथूनच सायकली हाणत पुढे गेले असणार. मी जोडीदाराच्या हाती पंप दिला आणि धावलो. या वयात धावणं म्हणजे काय ते तुला आणखी चार वर्षांनी कळेल.

वखारीच्या मागच्या भिंतीशी एका ओंडक्यावर अण्णा बसले होते. आत करवत बंद होती, जेवणाची सुट्टी. मी ओरडलो, "अण्णा! इथे काय करताय?"

"हळू बोल."

"का?"

"तू बोललास की ऐकू येत नाही."

मी गप्प झालो. श्वास जरा खाली बसला, आणि मग मलाही ऐकू आलं. आपला पंप. धप, धप, धप. इतका बारीक, की कुणाच्या छातीवर कान ठेवावा तसा. मी भिंत ओलांडून थोडा पुढे गेलो, गेला. मागे आलो, आला. पुन्हा पुढे गेलो, पुन्हा गेला. धाकट्या, मी त्या वर्तुळावर उभा होतो. कागदावरच्या नव्हे, खऱ्या. एका पायाखाली आवाज होता आणि दुसऱ्या पायाखाली नव्हता.

"ह्याच्यापुढे ती जायची नाही," अण्णा म्हणाले.

"कोण?"

"कोण काय? तुझी आई. डॉक्टर म्हणतात फिरत जा. मी म्हटलं, फीर, पण पंप ऐकू येईल तिथवरच. चक्कर येऊन पडलीस तर मी गावभर कुठं शोधू? हो म्हणालीय. ऐकते ती." मग माझ्याकडे जरा रागाने बघून, "त्या अंगाला सगळीकडे बघून झालं. आज इकडे आलो. तू रिकामा असशील तर बघ की जरा वरच्या बाजूला."

मी त्यांच्याजवळ ओंडक्यावर बसलो.

आई शेवटच्या वर्षात फिरायला जायची ते तुला आठवतं? मला वाटायचं, वाटेल तिथे जाते. तिला हद्द आखून दिलेली होती हे आपल्याला ठाऊकच नव्हतं. आणि तिच्यामागे हे एवढ्या वर्षांनी ती हद्द तपासत फिरताहेत. पंपाभोवती नव्हे रे. पंप नुसता मध्ये आहे.

घरी येताना मी विचारलं. विचारायला नको होतं, पण राहवलं नाही. "अण्णा, त्या दिवशी शिंपी बोलवायला आला, तुम्ही का आला नाहीत?"

चालता चालताच म्हणाले, "बंद करून आलो असतो तर तिला कळलं असतं ना."

"काय कळलं असतं?"

"की मी निघालो. भरदुपारी पंप थांबला म्हणजे माझं काही खरं नाही, असं समजली असती ती. भित्री आहे." मग, "दुसरं कोण होतं तिथे चालू ठेवायला? तू होतास?"

मी नव्हतो. कुणीच नव्हतं. तेव्हा जोडीदार नसायचा.

पुढे कोपऱ्यावर त्यांनी मला विचारलं, "साहेब, आपण कुठल्या खात्याचे?"

आता तू म्हणशील, ज्या माणसाला मुलगा ओळखू येत नाही त्याची ही साक्ष. खरं आहे. मलाही ठरवता येत नाही. कदाचित ही गोष्ट त्यांनी इतक्या वर्षांत स्वतःला सांगून सांगून तयार केली असेल. तुझ्याकडे तीन गोष्टी होत्या, आई गेली, अण्णांना बोलावलं, अण्णा आले नाहीत. त्यांतून तू एक वर्तुळ काढलंस, ते त्या तिन्हींतून बरोबर जातं. अण्णांचंही त्याच तिन्हींतून जातं. तूच शिकवलंस, तीनाने काही सिद्ध होत नाही.

चौथा बिंदू तुझ्याकडे आहे. तिच्याजवळ फक्त तू होतास. त्या दुपारी ती पंपाबद्दल काही बोलली होती का? नसेल तर 'नाही' एवढंच लिही. मी वाद घालणार नाही, पुन्हा विचारणारही नाही.

शिंपी अजून माझ्यावर चिडलेला आहे. म्हणतो, "तुमच्या दोऱ्यापायी हमरस्त्यापर्यंत सायकल हाणली, दादा. पुढच्या वेळी माझी टेप घेऊन जा."

दादा


२४ मार्च

धाकट्या,

या वेळी पाकीट आलं, कार्ड नाही. मी ते फोडायला अंगणात गेलो, मग पुन्हा आत आलो. शेवटी वहिनीने फोडलं आणि तीच वाचत गेली, मी दाराकडे तोंड करून ऐकलं.

'तिने दोनदा विचारलं, पंप चालू आहे ना? मी दोन्ही वेळा हो म्हणालो. मला वाटलं ती तक्रार करतेय, की अजून चालूच आहे, अजून येत नाहीत. दुसऱ्यांदा हो म्हणालो तेव्हा तिने डोळे मिटले. ती तक्रार नव्हती असं मला कधी वाटलंच नाही. मी हे कुणाला सांगितलेलं नाही.'

पाकिटात एकही समीकरण नव्हतं.

वाचून झाल्यावर वहिनी डोळे पुसून म्हणाली, "म्हणजे तिला ऐकू येत होतं." एवढंच. माझ्या डोक्यातून ते जात नाही. तिला ऐकू येत होतं.

एकतीसला दुपारच्या गाडीने येतोस असं लिहिलंयस, ते मी अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "कोण धाकटा? गणितवाला?" मग थोड्या वेळाने, "त्याला सांग, पाय धुऊन आत ये." तेव्हा ये. नक्की ये. एकतीसलाच जुना पंप बंद होणार आहे, म्हणून सारखं मनात येतं की त्याच दिवशी तू पाहिजेस.

मी साहेबांकडे गेलो होतो. म्हटलं, आणखी काही दिवस ठेवता येईल का? कारणही सांगितलं. माणूस वाईट नाही, त्याने नकाशाकडे, माझ्याकडे, पुन्हा नकाशाकडे बघितलं. म्हणाला, "अहो, नुसता आवाज यावा म्हणून सगळ्या गावाने डिझेल जाळायचं, हे मी वर कसं लिहू?" खरं आहे. मलाही लिहिता आलं नसतं.

पण मला सांग, आवाजच नसेल तर त्या वर्तुळाची त्रिज्या किती? आजवर ते कडेला पोचले की बसायचे, म्हणून सापडायचे. कड नाहीशी झाली म्हणजे ते बसतील कुठे? मी इथल्या इथे येरझारा घालून हेच करतोय, हातात पेन्सिल घेऊन, आणि या गणिताला मांडायला मला एकही बिंदू सापडत नाही. पूर्वी देवाला म्हणायचो, त्यांना घरी आण. आता म्हणतो, त्यांना कुठेतरी बसव.

ये लवकर.

दादा


३१ मार्च, पंपाच्या खोलीतून

धाकट्या,

ही चिठ्ठी शिंप्याबरोबर स्टेशनवर पाठवतोय. मी यायला हवा होतो, येता येत नाही. जोडीदाराची बदली कालच नव्या पाणीघरावर झाली. आज इथे मी एकटा आहे.

वहिनीचा निरोप आला, अण्णा निघून गेलेत. शाळेच्या रस्त्याने वर, उत्तरेला. त्या अंगाला ते आजवर गेले नव्हते. शोधायला वहिनी निघाली होती, मी थांबवलं. सामान तिच्याकडे दे आणि तू जा. शाळेचा रस्ता तुझं समीकरण पश्चिमेला एक, उत्तरेला पाच इथे कापतो. मी घालून पाहिलं, शून्य येतं, तरी तू एकदा बघून घे, तुझा माझ्या वजाबाकीवर कधी विश्वास नव्हता. ती जागा म्हणजे खेळाच्या मैदानाचं मागचं कुंपण. वारा आज दक्षिणेचा आहे, आवाज तिकडे थोडा लांब जाईल. म्हणून कुंपणाशी नसले तर जरा पुढे बघ, पण फार पुढे जाऊ नकोस. तुला स्वतःला पंप ऐकू येईनासा झाला की मागे फीर.

सापडले की लगेच उठवू नकोस. नाव सांगू नकोस, प्रश्न विचारू नकोस. जवळ बस. तुलाही ऐकू येईल. तू त्या दिवशी घरात बसून हाच आवाज ऐकत होतास, आज तो दुसऱ्या टोकाकडून ऐक. मग त्यांचा हात धर आणि आवाजाच्या दिशेने इकडे घेऊन ये. बंद करायचा तो त्यांच्याच हाताने करू. त्यानंतर त्यांच्याबरोबर दुपारी कुणी चालायचं, ते आपण दोघं बसून ठरवू. कुणीतरी बरोबर असलं तर कडेची गरज नाही, एवढं आज सकाळी देवापुढे उभा असताना सुचलं.

टाकी मघाशीच भरली. साहेब दारात घड्याळ बघत उभे आहेत. दोनदा म्हणाले, "आता करा बंद." मी त्यांना सांगितलंय की माझ्या घरचं माणूस बाहेर आहे. ते खुर्ची ओढून बसले.

मी खिडकीशी उभा आहे, इथून फाटक दिसतं. तुम्ही दोघं त्यातून आत येताना दिसेपर्यंत हा थांबणार नाही, काळजी करू नकोस.

पंप चालू आहे.

दादा